शुक्रवारी कारखाना बंद असतो

दादा, काल दुपारी जेवायला बसलो आणि सवयीने दोनदा पाय आपटला. सुमन आमटीचं पातेलं घेऊन येत होती, ती दचकली आणि निम्मी आमटी लादीवर. मला वाटलं आता बायकोची बोलणी खावी लागणार, पण ती फडकं आणून पुसत बसली आणि पुसता पुसता रडायला लागली. आपल्या घरात तुला कधी कुणी हाक मारली नाही. दोनदा पाय आपटला की 'जेवायला ये', एकदा आपटला की 'इकडे बघ'. एवढी वर्षं आपटून माझी उजवी टाच कायमची दुखते.

बारा दिवस झाले तुला जाऊन. बसवत नाही, उठवत नाही. ओट्यावर जातो, परत आत येतो. तुझ्या खाटेखालच्या चपला सरळ करतो, मग पुन्हा वाकड्या करून ठेवतो, कारण तू जन्मात कधी सरळ काढल्या नाहीस. मागल्या आठवड्यात ओट्यावर बसून तुझ्याशी हातांनी बोलत होतो, तर समोरची बाई सुमनला सांगून गेली की भाऊंना एकदा कुठे दाखवून आणा. म्हणून आता लिहितोय. तुला वाचता यायचं ते आकडे, बसवरची गावांची नावं आणि माझ्या पोरीचं 'निशा' हे एक नाव. तरी लिहितो. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते पोटात ठेवून मला बसता येत नाही.

तीन वर्षांचा असताना तुला ताप आला आणि तापात कान गेले. गोष्ट एवढीच. पण एवढीशी गोष्ट कुणाला पुरते? तुझ्या कानांचं काय झालं हे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त प्रत्येकाला वेगळं. आपल्या गोदाआत्याने ठरवलं की आईने पोटुशी असताना ग्रहणात विळी धरली. अरे, तीन वर्षं तू छान ऐकत होतास, 'आये, पानी दे' म्हणत होतास, मग ते ग्रहण काय तीन वर्षं रस्ता चुकलं होतं? पण आत्याला विचारणार कोण. आईने मात्र ते खरं मानलं. पुढे कुठलंही ग्रहण असो, ती मांडीवर हात ठेवून नुसती बसून राहायची. पोट दोनच वेळा आलं होतं तिला, पण ग्रहणं तिने मरेपर्यंत पाळली.

आणि दर वर्षी अकलोली. गरम पाण्याच्या कुंडावर नेऊन ती तुझ्या कानांवर तांब्याने पाणी ओतायची. तू ओरडायचास, मी काठावर बसून भजी खायचो. मग एका वर्षी, तू दहा-अकराचा असशील, देवळात कुणीतरी घंटा वाजवली आणि तू गर्रकन मान वळवलीस. आई तिथेच खाली बसली. त्या वर्षी आपल्या घरातून गावभर पेढे गेले. कितीतरी वर्षांनी तू मला हातांनी सांगितलंस की घंटा हललेली तुला दिसली होती. पाणी फार भाजायचं, म्हणून ऐकू आल्याचं नाटक केलंस. पण आईचं तोंड बघून तुला ते नाटक मोडवेना, आणि पुढचे आठ दिवस तू तिच्या ओठांकडे बघून जमेल तशा माना वळवत राहिलास. मला हसू आलं होतं तेव्हा. आता येत नाही.

शाळेत तुला घातलंच नाही. मुक्याला शाळा कशाला, असं आजोबा म्हणाले आणि विषय संपला. पण त्याच गावाने तुला धामणकर नाक्यामागच्या यंत्रमागाच्या कारखान्यात पाठवायला हरकत घेतली नाही. तू तेवीसचा, मी अठराचा. एकाच सोमवारी लागलो. चोवीस लूम एकदम सुरू झाले आणि मला वाटलं डोकं फुटणार. मी ओरडतोय, समोरचा माझ्या तोंडाकडे बघतोय, कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. तिथली सगळी माणसं हातांनी बोलत होती. धागा तुटला, कांडीवरचं सूत संपलं, शेठ आला, लाइट गेली, चहा आला, सगळ्याला खूण. मी खुळ्यासारखा मधे उभा. आणि तू? तिसऱ्या दिवशी तू शेठच्या चालण्याची नक्कल करून आख्ख्या ओळीला हसवत होतास.

रहमतचाचा आठवतो ना, आपल्या ओळीचा जुना कारीगर. चहाच्या सुट्टीत बाहेर मला म्हणाला, "हम सब यहाँ आके बहरे हुए. तेरा भाई तैयार होके आया है." तू आम्हाला नव्या खुणा शिकवल्यास, प्रत्येकाला नाव दिलंस. माझा पुढचा दात वाकडा, म्हणून मी 'दात'. अजूनही तिथे मला दातानेच ओळखतात. लूमच्या सांगाड्यावर तळवा ठेवून तू सांगायचास की कुठे काय ढिलं झालंय, आणि मिस्त्री तुला विचारल्याशिवाय पाना उचलत नसे.

आणि संध्याकाळी दाराबाहेर पाऊल टाकलं की टपरीवाला मला विचारायचा, मुक्याला साखर किती? तू त्याच्या समोर उभा! दारापासून टपरीपर्यंत दहा पावलं नसतील. आत उस्ताद, बाहेर मुका. मी एकदा तरी म्हणायला हवं होतं की बाबा रे, त्यालाच विचार, दोन बोटं दाखवेल तो. नाही म्हणालो. मी आपला सांगायचो, दोन चमचे.

तुझा दुभाषा मी. बाहेरच्या जगाचं तुला सांगायचं आणि तुझं जगाला. लोक विचारायचे, याला काही कळतं का रे? मी तुला हातांनी सांगायचो, कसा आहेस विचारतात. तू हसून मान डोलवायचास. लग्नाकार्यात बायका म्हणायच्या, याला नवऱ्यामुलाच्या पुढ्यात नका बसवू. मी तुला सांगायचो, पंख्याखाली चल, तिथे बरं वाटेल. जो माणूस आईच्या ओठांवरून मान वळवायला शिकला, त्याला हे सगळं वाचता येत होतं, हे माझ्या डोक्यात शिरायला पन्नाशी उलटावी लागली. माझं खोटं तू दर वेळी वाचलंस आणि दर वेळी पंख्याखाली जाऊन बसलास. मला वाटायचं मी तुला जपतोय. कसलं जपणं, माझी मान खाली जाऊ नये म्हणून चाललं होतं ते.

मग माझी पाळी आली. तुला ते माझ्या आधी कळलं. दोन वर्षांपूर्वी तू माझ्या मागे उभा राहून स्टीलची थाळी लादीवर टाकलीस. सुमन आतून धावत आली आणि मी पेपर वाचत बसलेलो. तू समोर आलास, माझ्या कानाला बोट लावलंस, मग स्वतःच्या. मी तुझा हात झटकला. कारखान्यातल्या जुन्या माणसांचे कान जातात, त्यांना कुणी बहिरा म्हणत नाही. लूमने खाल्ले म्हणतात, वर थोडा मानही मिळतो. पण माझ्या घरात तू होतास ना. एक भाऊ लहानपणापासून तसा, आता दुसराही, मग लोक म्हणणार की घराण्यातच आहे. आणि निशा लग्नाची. मी कुठे कुठे काय काय लपवणार होतो, देव जाणे.

निशाने मानकोलीच्या गोदामातल्या नोकरीच्या पैशातून मला कानाची मशीन आणली. मी ती देव्हाऱ्यामागे ठेवली. रोज सकाळी तू ती काढून माझ्या जेवणाच्या डब्यावर ठेवायचास, रोज मी ती परत देव्हाऱ्यामागे. आठ महिने हा खेळ. शेवटी एकदा मी चिडून हातांनी विचारलं, लोक हसतील त्याचं काय? तू शांतपणे उत्तर दिलंस, "मला हसतातच. आता दोघं वाटून घेऊ." मी त्या दिवशी डबा न घेताच गेलो.

आता त्या शुक्रवारचं. दोन महिने झाले, पण माझ्या मनात तो रोज येतो. निशाला बघायला पडघ्याची माणसं येणार होती. स्थळ चांगलं, मुलगा चांगला, आणि निशालाही तो आवडला होता. त्यांनी आधी फोनवर विचारलं होतं, घरात कोण कोण? मी म्हणालो, मोठे बंधू आहेत, गावी शेती बघतात. आपली शेती मानकोलीच्या गोदामांखाली जाऊन किती वर्षं झाली, दादा! पण खोटं बोलताना माणसाला शेतीच आठवते.

तू सकाळीच दाढी केलीस. निळा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलास. तो शर्ट बघताच मी तुझ्यासमोर आलो आणि घाईघाईत हात चालवले की कारखान्यात बिघाड झालाय, चाचा बोलावतोय, तुझ्याशिवाय लूम उघडणार नाही, लगेच जा.

शुक्रवार होता. शुक्रवारी कारखाना बंद असतो. आख्ख्या भिवंडीला माहीत आहे. शुक्रवारी सुट्टी म्हणून तर पाहुण्यांना त्या दिवशी बोलावलेलं! बाकी सहा दिवस तुला बाहेर काढायला हेच कारण चाललं असतं, म्हणून जिभेवर, म्हणजे हातांवर, तेच आलं. तू माझ्याकडे बघत राहिलास. मग खुंटीवरचा शर्ट घातलास आणि गेलास.

चार तास तू बंद कारखान्याच्या पायरीवर बसून होतास. हे मला रहमतचाचाने नंतर सांगितलं, नमाजाहून येताना त्याने तुला बघितलं होतं. त्याने खुणेने विचारलं की इथे काय करतोस, तर तू म्हणालास, बिघाड झालाय. पाहुणे होकार देऊन गेल्यावर तू परत आलास. हातात पेढ्यांचा पुडा. निशाच्या तोंडात एक कोंबलास, माझ्या तोंडात एक. विचारलं नाहीस काही. विचारलं असतंस, एक ठेवून दिली असतीस, तर मी आज असा फिरत बसलो नसतो. तुझा मला रागही येतो, खरं सांगतो. इतकं समजून घ्यायचं नसतं माणसाने.

आणि मग तो मंगळवार. भर दुपारी तू छाती धरून ओट्यावर बसलास. दवाखान्यात डॉक्टर तोंडाला मास्क लावून आले, म्हणजे तुला ओठ दिसेनात. ते माझ्याशी बोलले. बरंच बोलले. मला पंख्याची घरघर ऐकू आली आणि मधे मधे 'हार्ट'. मी मान डोलावली. न ऐकू आलेल्या प्रत्येक गोष्टीला मी मान डोलावतो, हा माझा जुना धंदा. ते गेले आणि तू हात वर करून मला विचारलंस, काय म्हणाले?

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तुला मुद्दाम खोटं सांगितलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे खरं नव्हतंच. मी हातांनी म्हणालो, सगळं ठीक आहे. तू माझ्याकडे बघितलंस, आणि सलाईन लावलेला हात कसाबसा उचलून माझ्या कानाला बोट लावलंस. रागाने नाही. रोज डब्यावर मशीन ठेवायचास तसंच. तासाभराने निशा धावत आली, तोवर झालं होतं. तिला डॉक्टरांनी सांगितलं की त्यांनी मला स्पष्ट बजावलं होतं, वेळ थोडा आहे, बोलून घ्या.

बोलून घ्या म्हणाले होते, दादा.

परवा खाडीवर तुझा दहावा झाला. पडघ्याचे व्याही आले होते. मृत्यूची बातमी कुठे लपते? शेतीवरचा भाऊ याच घरात राहत होता, हे त्यांना आल्या आल्या कळलं असणार, पण माणूस सभ्य, हात जोडून बाजूला उभे राहिले. पिंड मांडले. कावळा भिंतीवर येऊन बसला आणि शिवेना. मग सुरू झालं तुला समजावणं. गोदाआत्या पुढे झाली, "काशा, कालजी करू नको रं. निशाचं लगीन धूमधडाक्यात व्हईल. शिव माझ्या बाला." कावळा ढिम्म. चुलतभाऊ म्हणाला, तुझी खाट कुणाला देनार न्हाय. कावळा बघतोय. जो तो पुढे येऊन आवाज चढवून तुला वचनं देतोय. मुक्याशी मोठ्याने बोलायची खोड माणसाला असतेच, पण तू मेल्यावरही ती सुटू नये?

निशाने बायकांतून माझ्याकडे बघितलं आणि नुसतं कानाला बोट लावलं. मग पुढे येऊन तिने पर्समधून मशीन काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवली. माझं डोकं भादरलेलं, लपवायला एक केस नाही. व्याही दहा हातांवर उभे. हे लग्न मोडलं तर निशा मला काही बोलणार नव्हती, तीही तुझ्यावरच गेलीय, आणि त्याचीच मला भीती होती. पण मशीन तिनेच दिली होती.

मी मशीन लावली. आधी किर्र झालं, मग पाण्याचा आवाज आला. मग मी पिंडापुढे उभा राहून तुझ्याशी हातांनी बोललो. शुक्रवार. बिघाड नव्हता. पाहुणे होते. मी लाजलो. तुझा शर्ट चांगला दिसत होता. एवढंच जमलं.

आणि हात हलले तसा कावळा उडाला! सरळ खाडीपार. गोदाआत्या कडाडली, "हात कसले हलवतस रं? आलेला कावला उडवलास ना!" भटजींनी दर्भाचा कावळा करून काम उरकलं. तू असतास तर पोट धरून हसला असतास. मला तिथे हसू फुटलं आणि लोकांना वाटलं मी रडतोय. रडतही होतो म्हणा.

व्याही जवळ आले. हळूच विचारलं की ते हातांचं काय केलंत, तुमच्यात तशी पद्धत आहे का? बघ, आयतं उत्तर त्यांनीच हातात दिलं होतं. हो म्हटलं असतं की मिटलं असतं. मी म्हणालो, "माझा भाऊ बहिरा होता. तुम्ही आलात त्या दिवशी मी त्याला लपवला. आता मलाही ऐकू येत नाही, ही मशीन आहे." ते माझ्या कानाकडे बघत राहिले. नमस्कार केला आणि गाडीत बसून निघून गेले. त्या दिवशी फोन नाही, काल नाही. निशा कामावर गेली, आली, पोळ्या लाटल्या. सुमन सारखी फोनकडे बघायची. मी मशीन काढली नाही, झोपताना तेवढी.

आज सकाळी फोन वाजला. मला स्वयंपाकघरातून ऐकू आला, दादा. व्याही होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले की त्यांची एक मोठी बहीण आहे. लहानपणापासून दिसत नाही. घरातच असते. त्या शुक्रवारी निशाला बघायला यायचं म्हणून ती नवी साडी नेसून पहाटेपासून तयार बसली होती. निघताना यांनी तिला सांगितलं की गाडीत जागा नाही.

ती सात जणांची गाडी होती. मी स्वतः दारात उभा राहून उतरवून घेतली माणसं, पाच होती. "गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाची पावलं तिला ऐकू येत होती," ते म्हणाले, "तिने मोजलं असणार." लग्न होणार आहे. तिला मांडवात पुढे बसवणार आहेत, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

म्हणजे तू इकडे पायरीवर बसला होतास तेव्हा तिकडे ती नव्या साडीत बसली होती, आणि दोघांना सगळं माहीत होतं. फोन ठेवल्यापासून मी घरात येरझारा घालतोय. या शुक्रवारी मी पडघ्याला जाणार आहे, तिला भेटायला. तुझं सगळं सांगायचंय तिला. पण हातांनी बोलून चालणार नाही, तिला दिसत नाही. तोंडानेच सांगावं लागेल, खरं तेच, आणि ती जे बोलेल ते नीट ऐकावं लागेल. रात्र झालीय, मशीन झोपण्यापुरती काढून डब्यावर ठेवलीय, तू ठेवायचास तशी.